प्रार्थनेच्या डब्याला कुलूप

नाही हो, दोन चाव्या नकोत मला. एकच. — हो, कुलपाबरोबर दोन येतात, माहीत आहे मला, मी काय आज पहिल्यांदा कुलूप घेतेय का? पण दुसरी माझ्या हातात देऊ नका. तुम्ही ठेवा, मोडा, कानशीनं घासून तिचे दात सपाट करा, काय वाटेल ते करा, माझ्या पर्समध्ये ती येता कामा नये. माझा माझ्यावर भरवसा नाही, झालं? आणि हा डबा. ह्याला कडी-कोयंडा बसवून द्या आधी. पत्रा पातळ आहे, जपून ठोका. — वास येतोय ना? शेंगाचटणीचा डबा आहे तो, सात वेळा घासला तरी लसूण काही जात नाही. झाकणाला ही फट दिसतेय का, ती माझ्याच हातची, सुरीवर बत्ता मारून पाडलीय. आत चिठ्ठ्या टाकायच्या. — नाही, दानपेटी नाही. भिशीपण नाही. सांगते की, तुम्ही हात चालू ठेवा, तासाभरात मला घरी पोचायचं आहे.

बसप्पा ना तुम्ही? टपरीच्या पाटीवर लिहिलंय म्हणून म्हटलं. ते बघा समोर, रसवंतीत, घुंगरू वाजतायत तिथं — निळा टी-शर्ट, दोन वेण्या, ती माझी नात. अकरा पूर्ण झाली. नाव नाही सांगत तिचं, तिला आवडायचं नाही. आणि शेजारी ग्लासात नाक घालून बसलाय तो योना, धाकटा, सात वर्षांचा. दोघं पुण्याला असतात, माझ्या मुलाची. सुट्टीला आणली होती माझ्याकडं. आज त्यांचे आई-बाप येतायत न्यायला. गाडीनं कुर्डुवाडी सोडली म्हणून आत्ताच मेसेज आला. म्हणून ही घाई. जाताना हा डबा तिच्याबरोबर द्यायचा, कुलूप लावून, आणि चावी दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घालायची — असं मी ठरवून आलेय.

तुम्हाला नातवंडं आहेत? — तीन? मग तुम्हाला काय सांगायचं. मे महिन्यातलं सोलापूर, सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत दाराबाहेर पाय टाकायची सोय नाही, आणि घरात दोन पोरं! आमच्या चर्चमध्ये सुट्टीची बायबल शाळा भरते — पोरं व्हीबीएस म्हणतात तिला — गाणी, गोष्टी, हातकाम, शेवटच्या दिवशी नाटक आणि पुरीभाजी. लई छान असते, पण ती दहा दिवस. पुढचे तीस दिवस काय करायचं हो? बाकीच्या घरांतून मोबाईल देतात हातात आणि आजी झोपते. माझ्या घरात ते चालत नाही. मी एकतीस वर्षं संडे स्कूल घेतलंय, बसप्पा. चर्चच्या अर्ध्या मंडळीचं पाठांतर मी करून घेतलंय. चर्चचे आजचे पाळकसाहेब माझ्या वर्गात बाकाखाली लपून बोरं खायचे. मी दोन पोरांना घाबरणार आहे होय? भिंतीवर तक्ता लावला. सकाळी उठून बायबलमधलं वचन पाठ केलं की एक चांदणी. कुरडया वाळत घातल्या की एक चांदणी. काडेपेट्यांचं नोहाचं तारू केलं, म्हणजे महापुरातलं जहाज, त्यात साबुदाण्याच्या पापड्यांची कबुतरं. संध्याकाळी गच्चीवर सतरंजीचा तंबू ठोकायचा, अब्राहामाचा. आणि योनाला म्हटलं, बायबलातल्या योनाला मासा गिळतो ना, ती तुझ्या नावाची गोष्ट तूच करून दाखव, तर हा पाण्याच्या रिकाम्या पिंपात शिरला आणि बाहेरच येईना — मासा मला सोडत नाही म्हणे! तीन दिवस आणि तीन रात्री थांबणार म्हणे! शेवटी आंब्याची फोड दाखवून काढला.

शेजारची पोरं पण यायला लागली. वैजयंतीबाई म्हणून आहेत आमच्या भगिनी मंडळात, त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'आदर्श आजी' म्हणून. पन्नास जणांनी हात जोडले खाली. मी नको नको म्हणत होते तोंडानं, पण तो फोटो मी दिवसातनं चार वेळा उघडून बघत होते. आता कशाला लपवू?

मग हा डबा काढला. त्याचं असं आहे — आमच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता प्रार्थना होते. सगळे गोल बसतात, डोळे मिटतात, आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, लहानांनीसुद्धा. मी लहान होते तेव्हापासून हेच. योना धडाधडा करतो — प्रभू, आजीचे गुडघे बरे कर, मला सायकल दे, आमेन. पण थोरली नुसतं 'सगळ्यांना आशीर्वाद दे' म्हणायची आणि गप्प. मला कळायचं की हिच्या पोटात काहीतरी आहे. एकतीस वर्षं पोरं बघितलीत, कळणार नाही? मग मी युक्ती काढली. म्हटलं, जे मोठ्यानं बोलता येत नाही ते चिठ्ठीवर लिहायचं आणि डब्यात टाकायचं. छातीवर हात ठेवून सांगितलं मी त्यांना — हे फक्त प्रभू वाचणार. आजी नाही, बाबा नाही, पाळकसाहेब नाहीत. शनिवारी न उघडता सगळ्या चिठ्ठ्या गच्चीवर जाळून टाकायच्या. काय खूश झाली पोरं! थोरलीनं तर रंगीत कागद कापून ठेवले, आठवडाभराचे.

— हो. वाचल्या. तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. मंगळवारी दुपारी, पोरं झोपली होती. झाकण काय, नखानं उघडतं. मी मनाची समजूत घातली की बघूया तरी पोरं नीट मागतायत का, का नुसतं चॉकलेट दे, बॅट दे — शिक्षकाची खोड असते ना, वही दिसली की तपासायची. योनाच्या सहा निघाल्या. पाचांत सायकल, आणि एकीत, 'ताईच्या तारवातल्या कबुतरांपैकी दोन मी खाल्ली, तिला कळू देऊ नको.' मी तोंडात पदर कोंबून हसले. आणि मग तिची उघडली. हसू राहिलं बाजूला.

त्यात लिहिलं होतं — प्रभू, बाबांना लवकर नोकरी लागू दे. ते सकाळी डबा घेऊन निघतात आणि बागेत बाकावर बसून राहतात. माझा मुलगा हो, बसप्पा. आमोस. एवढा इंजिनियर झालेला माणूस. तीन महिने नोकरी नाही, आणि घरी कुणाला पत्ता नाही, रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं. सगळं लिहिलं होतं चिठ्ठीत — क्लासला जाताना पोरीनं पाहिला त्याला, अकरा वाजता बाकावर डबा खाताना. त्यानंपण पाहिलं तिला. आईला मी सांगीन, तू काही बोलू नको, म्हणाला. तर ही पोर बोलली नाही! तीन महिने! आईपाशी नाही, माझ्यापाशी नाही. चिठ्ठी लिहिली फक्त. आणि मी वाचली.

— नाही, वाचून गप्प बसले असते तर आज तुमच्याकडं कशाला आले असते?

दुसऱ्या दिवशी बुधवार. बुधवारी आमच्या भगिनी मंडळाची सभा असते. गाणं होतं, वचन होतं, मग साक्षी, देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायचं, आणि मग विनंत्या — म्हणजे ज्याची जी अडचण असेल ती उभं राहून सांगायची, आणि सगळ्या बायका मिळून प्रार्थना करतात. चांगली रीत आहे, नावं ठेवत नाही मी. पण त्यात एक असतं बघा. एखादी उठते आणि म्हणते, एका घरासाठी प्रार्थना करा, नाव सांगत नाही. नाव सांगत नाही, पण अशोक चौकाच्या मागं राहतात. नाव सांगत नाही, पण नवरा एसटीत आहे. आमेन म्हणेपर्यंत सगळ्यांना घर ठाऊक झालेलं असतं. मला त्याची चीड होती. मी एकदा तोंडावर बोलले होते एका बाईला — अगं, देवाला सांगतेस का बायकांना? असं मी बोलले होते. मी!

त्या बुधवारी वैजयंतीबाईंनी साक्ष दिली. मुलानं फ्लॅट घेतला, दोन बाथरूम, प्रभूची मोठी कृपा. टाळ्या झाल्या. आणि मी उठले. का उठले ते मला आजतागायत सांगता येत नाही — नाही, येतं. येतं सांगता. मला रडायचं होतं, आणि रात्रभर ते गिळून बसले होते, आणि मला वाटलं चार जणींनी माझ्या पाठीवर हात ठेवावा. म्हणाले, एका घरासाठी प्रार्थना करा. नाव नाही सांगत. पुण्याला असतात. कर्ता माणूस तीन महिने बागेत बसतोय डबा घेऊन आणि बायकोला पत्ता नाही — आणि पुढं म्हणाले, आता नवरा रोज कुठं जातो हे कळू नये म्हणजे बायको तरी कसली! — हे पण बोलले मी, बसप्पा. माझ्या सुनेला. रेश्मा नर्स आहे, रात्रपाळ्या करते, पोरीच्या वेण्या ड्युटीवरून येऊन घालते. तिला मी भरसभेत असं बोलले, आणि मग माझ्या पाठीवर हात पडले, चार नाही, दहा. लई बरं वाटलं. दहा मिनिटं.

गुरुवारी वैजयंतीबाईंनी रेश्माला फोन लावला. प्रेमानंच लावला असेल, मी आता कुणाला बोट दाखवू? म्हणाल्या, रेश्मा, धीर सोडू नको, आम्ही सगळ्या तुमच्यासाठी गुडघ्यावर आहोत. ती बिचारी ड्युटीवर. म्हणाली, कशासाठी हो काकू? — कशासाठी! बघा म्हणजे. नवऱ्याची नोकरी गेली हे तिला वॉर्डात उभं राहून, सोलापूरच्या बाईकडून कळलं.

मग आमोसचा फोन आला इकडं. माझ्याशी नाही बोलला, पोरीला दे म्हणाला. मी स्वयंपाकघरात, चपात्या लाटत, आणि फोन स्पीकरवर. ओरडला नाही हो तो. त्याचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. बाळा, तू कुणाला सांगितलंस का? ही म्हणाली, नाही बाबा. तो परत म्हणाला, आठव बरं. ही म्हणाली, नाही बाबा, शप्पथ. आमच्यात शपथ घेत नाहीत, मीच शिकवलंय तिला, पण तिनं घेतली. आणि फोन ठेवून माझ्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, आजी, डब्यातलं फक्त प्रभूच वाचतो ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, दुसरं कुणीच नाही? मी म्हटलं, नाही गं. तशी म्हणाली, म्हणजे मग त्यानंच सांगितलं.

बसप्पा, त्या वेळी मला तोंड होतं. जीभ होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तव्यावर चपाती जळत होती, ती उलटली मी, आणि काय बोलले माहितीये? म्हणाले, त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असेल बाळा. तो आपल्या भल्यासाठीच करतो.

एकतीस वर्षं संडे स्कूल घेतलेली बाई! केलं मी, आणि नाव त्याचं पुढं केलं. तो काही उठून म्हणणार नाही ना, मी नव्हे म्हणून. लाज वाटते हो मला. आंघोळ करताना वाटते, केस विंचरताना वाटते, त्या भिंतीवरच्या चांदण्यांकडं बघवत नाही मला.

त्या दिवसापासून संध्याकाळी प्रार्थनेला बसतो, तर ती डोळे मिटत नाही. मला कसं कळलं? मी पण उघडून बघितलं म्हणून. भिंतीकडं बघत असते, हात मांडीवर. तिची पाळी आली की 'पुढं' म्हणते. एवढंच. योना म्हणतो, ताई, सांग ना काहीतरी. तर त्याला म्हणाली — हळू म्हणाली, पण मी ऐकलं — त्याला काही सांगू नको, तो सांगतो लोकांना. आज बारा दिवस झाले. घरात जेवते, तारू रंगवते, मला पाणी आणून देते, भांडत नाही, रुसत नाही. नुसती त्याच्याशी बोलायची थांबलीय. माझ्याशी बोलते हो! चूक माझी आणि माझ्याशी बोलते!

म्हणून म्हटलं कुलूप करावं. चावी एकच, ती तिच्याकडं. म्हणजे तिला परत विश्वास वाटेल, परत लिहील. — काय म्हणालात?

— हो, विचारेलच की. कुलूप कशाला म्हणून विचारेल. हुशार आहे पोर. देवाच्या डब्याला कुलूप कुणासाठी, म्हणून विचारेल. मी सांगीन... मी म्हणणार होते की योनाचा हात लागतो म्हणून. ठरवून आलेय ते. रिक्षात बसून पाठ केलंय, वचनासारखं.

असं बघू नका माझ्याकडं. तुम्ही तुमचं सांगा बरं. सकाळी आंघोळ करून तुम्ही इष्टलिंग हातात घेऊन पूजेला बसत असाल, तेव्हा घरातलं कुणी मध्ये येतं का? काय मागितलंत म्हणून कुणी विचारतं का? — नाही ना. मग. तेवढंच होतं तिचं. तेवढीच जागा होती पोरीला, आणि मी तिथं शिरले.

चिठ्ठी जाळली नाही मी. बाकीच्या जाळल्या शनिवारी, पोरांच्या देखत, ती मात्र काढून ठेवली होती आधीच. पर्समध्येच आहे, हे बघा. गुलाबी कागद. शेवटची ओळ मी सभेत सांगितली नव्हती. तुम्हालाही मघाशी सांगितली नाही, जिभेवर येऊन मागं गेली. चष्मा लावा, वाचा, बारीक अक्षर आहे — मी कुणाला सांगितलं नाही. तूपण सांगू नको. असं लिहिलंय. देवाला लिहिलंय, तूपण सांगू नको. शिफ्राचं अक्षर लहानपणापासून असंच—

थांबा.

द्या इकडं. वाचू नका. द्या म्हणते ना! — नाही, तुमची काही चूक नाही, तुम्ही हात पुढं केला नव्हता, मीच दिली. अरे देवा. नाव पण घेतलं मी. घेतलं ना? तिचं घेतलं, आमोसचं घेतलं, रेश्माचं घेतलं, तुमच्या टपरीपुढं उभी राहून सगळं घर उलटं करून दाखवलं मी. कुलूप करायला आले होते आणि हे करून बसले. भगिनी मंडळ तरी चर्चच्या आत होतं. इथं सात रस्त्याच्या भर चौकात!

बसप्पा, तुम्ही कुणाला — नाही. असं कुठल्या तोंडानं म्हणू मी तुम्हाला?

काढा तो कोयंडा. — एकच रिबिट राहिलंय हे दिसतंय मला. काढा तरी. भोकं राहू देत पत्र्याला, भोकं बरी. कुलूप तुमचं तुम्ही ठेवा, दुसऱ्या कुणाला लागेल. कोयंड्याचे आणि ठोकायचे पैसे हे घ्या, नाही कसं, मेहनत झालीय तुमची. गाडी आत्ता माढ्याच्या पुढं आली असेल. रेश्मा आली की तिच्यापुढंही उभं राहायचंय मला. पण आधी ही.

शिफ्रा! ए शिफ्रा — इकडं ये गं जरा. रस राहू दे. योनाला तिथंच बसव, त्या काकांना लक्ष ठेवायला सांग. हो, एकटी ये. गाड्या बघून रस्ता ओलांड.

येतेय. बसप्पा, तुम्ही जरा चहा घेऊन या कोपऱ्यावरून. — नाही, टपरीकडं मी बघते, कोण तुमच्या चाव्या नेतंय? उठा तुम्ही. एवढा वेळ ऐकलंत, उपकार झाले, पण आता पुढचं तुम्ही ऐकायचं नाही. उठा बघू.

ये. बस इथं स्टुलावर. हा डबा धर. — अगं काही नाही, भोकं पडलीत थोडी. माझ्याकडं बघ. नाही, रडत नाहीये मी. शिफ्रा, त्यानं नाही गं सांगितलं.